कॅम्प रस्त्यावरची शांत खोली

संशय घेणं हेच माझं काम होतं आणि ते मी चांगलं करायचो. कारखान्यात बाकीचे लोक वस्तू तयार करत. मी आणि माझा विभाग तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघत असू. याला कागदोपत्री गुणवत्ता नियंत्रण म्हणत. सातपूरच्या आमच्या कारखान्यात मला मागून 'सीआयडी भालेराव' म्हणत, हे मला माहीत होतं आणि त्याचा रागही येत नव्हता.

आम्ही फ्रीक्वेन्सी सिंथेसायझर बनवायचो. नाव ऐकलं की लोकांना लग्नाच्या बँडमधलं वाद्य आठवतं. माझे सासरे तर शेवटपर्यंत नातेवाइकांना सांगत राहिले, "जावई पेट्या बनवतात, वाजवायच्या." मी दोनदा समजावून बघितलं, मग सोडून दिलं. इथे मात्र समजावणं भाग आहे, कारण पुढं जे सांगायचंय ते त्याशिवाय कळणार नाही.

आमचा माल म्हणजे बिस्किटांच्या पुड्याएवढी ॲल्युमिनियमची डबी. आत क्वार्ट्‌झचा एक स्फटिक. त्याला एकच गोष्ट येते, ठरलेल्या वेगानं कंप पावणं, आणि ती तो फार इमानानं करतो. पण वायरलेस संचाला एक वारंवारता पुरत नाही. आता हा चॅनेल हवा, पुढच्या क्षणी तो. म्हणून डबीत दुसरा एक ऑसिलेटर असतो. तो चपळ, हवा तिकडे जाणारा, पण बेभरवशाचा. त्याला सतत स्फटिकाशी ताडून पाहायचं आणि जरा भरकटला की कान धरून जागेवर आणायचं, अशी सगळी रचना. म्हणजे डबीच्या आतसुद्धा एक जण दुसऱ्यावर संशय घेतच बसलेला असतो. मला हा धंदा मानवला यात नवल नाही.

अशी डबी विकत घेताना गिऱ्हाईक काय विचारतं? ती कुठून कुठपर्यंतच्या वारंवारता देते, किती बारीक पायरीनं देते, एकीवरून दुसरीवर किती लवकर जाते. हे सगळं छापील पत्रकावर असतं. पत्रक वाचायची माझी पद्धत म्हणजे त्यात काय लिहिलेलं नाही ते आधी शोधायचं. एकदा दुसऱ्या एका कंपनीचा विक्रेता आमच्याकडे आला. त्यांची डबी म्हणे आमच्या निम्म्या वेळात नव्या वारंवारतेवर पोचते.

मी विचारलं, "किती जवळ आल्यावर पोचली म्हणता?"

"साहेब, पोचली म्हणजे पोचली."

"इगतपुरीला सिग्नल मिळाला की गाडी नाशिक रोडला पोचली, असं?"

बिचाऱ्यानं चहा अर्धा ठेवला आणि गेला. त्यांच्या पत्रकात 'सर्वसाधारणपणे' हा शब्द इतक्या बारीक अक्षरात होता की तो वाचायला मला भिंग लागलं होतं. आमच्या पत्रकात तो शब्द नव्हता, याचा मला अभिमान होता. अजून आहे.

पण खरा जीव अडकायचा तो फेज नॉइजमध्ये. रस्त्यावर पांढरा पट्टा मारणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. पट्टा लांबून सरळच दिसतो. जवळ जाऊन बसा, हात थरथरल्याच्या खुणा दिसतील. वारंवारतेचंही तसंच असतं. लांबून ती स्थिर वाटते, जवळून बघितलं की थरथरते. एखादं क्षीण स्टेशन मोठ्या स्टेशनच्या अगदी लगत असेल तर ते या थरथरीत बुडून जातं. म्हणून जाणतं गिऱ्हाईक विचारतं, मूळ वारंवारतेच्या लगत थरथर किती? आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बंगळुरूचं होतं आणि ते अगदी लगतचं, दहा हर्ट्‌झवरचं विचारायचं. तिथं मोजणं महाकठीण. मशीन एक आलेख काढायला काही मिनिटं घेतं, आणि तेवढ्यात कोणी दार आपटलं तरी आलेखात उंचवटा येतो. ती थरथर डबीची की दाराची, मशीनला कळत नाही.

सातपूरला आमच्या शेजारी पॉवर प्रेस होता. त्याचा प्रत्येक ठोका आमच्या आलेखात उमटायचा. मालक म्हणाले, "भालेराव, शांत जागा शोधा."

मी देवळाली कॅम्पचा. वडिलांचं कॅम्पच्या बाजारात लष्करी गणवेश शिवायचं दुकान होतं. माझा जन्म तिथला, घर अजून तिथंच आहे. मी लगेच म्हणालो, "मालक, अख्ख्या नाशकात आमच्या कॅम्पसारखी शांतता नाही."

विहितगावच्या पुढं, कॅम्पच्या रस्त्याला एका जुन्या बंगल्यामागची दगडी खोली मिळाली. भोवती चिंचेची झाडं, रेल्वे दूर. मी खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभा राहिलो आणि ऐकलं. काही नाही. तिथंच मी होकार दिला. मोजमापाचं टेबल तिकडं हलवलं, दोन टेस्टर नेमले. सकाळच्या पाळीला दत्तू गांगुर्डे, दुपारच्या पाळीला सुनंदा वाघ.

वाघबाई नाशिक रोडच्या. कमी बोलणाऱ्या, वेळेवर येणाऱ्या. गांगुर्डे लांबच्या देवळा तालुक्यातला, घरी कांद्याची शेती, आयटीआय करून शहरात आलेला. तो अखंड बोलायचा, आणि बोलत नसला तर बोटांनी टेबलावर ढोलकी वाजवायचा. भजनी मंडळातली सवय. मी दहादा सांगितलं, इथं वाजवू नकोस. तो लगेच हात खिशात घालायचा आणि खिशात वाजवायचा. चहाचा ग्लास आणून थेट मशीनशेजारी ठेवायचा. अशा माणसावर संशय घ्यायला फार कष्ट लागत नाहीत.

पहिल्या काही आठवड्यांतच सकाळच्या पाळीतल्या डब्या नापास व्हायला लागल्या. रोज नाही, अधूनमधून. दहा हर्ट्‌झच्या आसपास आलेखात उंचवटे. त्याच डब्या दुपारी वाघबाईंकडे दिल्या की साफ पास. नापास डबीला चिठ्ठी लागायची. तिच्यावर टेस्टरची सही आणि खाली मंजुरीची माझी. गांगुर्डेच्या चिठ्ठ्यांवर सही करताना माझा हात अडखळायला लागला.

मी त्याला विचारलं, "सकाळी नापास, दुपारी पास. हे कसं?"

"सकाळी मशीनला काहीतरी होतंय, साहेब."

"मशीनला होत नाही गांगुर्डे, माणसाला होतं."

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

त्याच सुमारास आमच्यातून फुटून गेलेला करंदीकर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत असल्याच डब्या बनवायला लागला होता, आणि बंगळुरूच्या गिऱ्हाइकावर त्याचा डोळा होता. एका संध्याकाळी मी गांगुर्डेला त्याच्याबरोबर नाशकातल्या द्वारका चौकात चहा पिताना बघितलं. दोघं हसत होते. माझ्या डोक्यात सगळे तुकडे जागेवर बसले. आमचा माल उशिरा जावा, गिऱ्हाईक कंटाळावं, करंदीकरचं फावावं. डब्या नापास करणं किती सोपं! आलेख निघत असताना टेबलावर बोटं वाजवायची, बस.

मी मालकांना म्हणालो, पुरावा देतो.

पुरावा असा तयार केला. मी स्वतः तपासलेली, दुपारी दोनदा पास झालेली एक डबी घेतली. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बायकोच्या लाल नेलपेंटचा ठिपका दिला आणि ती गुपचूप सकाळच्या मालात मिसळली. गांगुर्डेनं पहिल्या काही डब्या पास केल्या आणि ठिपक्याची नापास केली. मी मालकांसमोर झाकण उघडून ठिपका दाखवला.

गांगुर्डे आधी ठिपक्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. एरवी साहेबांशी जपून शहरी बोलणारा माणूस, एकदम घरच्या अहिराणीवर आला. "मना हात साफ शे, साहेब. मना हात साफ शे."

त्या चिठ्ठीवर मी सही केली नाही. त्याच आठवड्यात त्याला काढलं.

त्यानंतर सगळी मोजमापं वाघबाईंकडे आली. त्या दुपारीच यायच्या. नापास डब्या जवळजवळ थांबल्या. आणखी काय हवं? बंगळुरूला माल वेळेवर जाऊ लागला. मालकांनी पाठ थोपटली. ठिपक्याचा किस्सा माझा हुकमी किस्सा झाला. दसऱ्याच्या पूजेनंतर, जेवणावळीत, नव्या लोकांना कामाची ओळख करून देताना, सगळीकडे मी तो सांगायचो. नेलपेंटला हशा यायचाच.

गांगुर्डे दुसरीकडे नोकरी शोधत होता. नाशकात इलेक्ट्रॉनिक्सचं जग लहान. मला फोन यायचे, "तुमच्याकडे होता ना, कसा आहे?" मी म्हणायचो, "काम येतं त्याला. पण आमच्याकडे का राहिला नाही, ते त्यालाच विचारा." पलीकडून 'बरं' यायचं आणि फोन बंद व्हायचा. मी वाईट शब्द एकही उच्चारला नाही, याचं तेव्हा मला समाधान होतं. मग कळलं की तो देवळ्याला परत गेला.

माझ्या निवृत्तीला सहकाऱ्यांनी भेट म्हणून तीच डबी शिसवी पाटीवर बसवून दिली. खाली पितळी अक्षरांत 'सीआयडी'. ती माझ्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी होती.

आता यंदाचं सांगतो. बायको बरीच वर्षं म्हणत होती, तुम्हाला ऐकू कमी येतं. ती मुद्दाम हळू बोलते असा माझा संशय होता. शेवटी तिनं मला नाशिक रोडला नेलं आणि दोन्ही कानांना मशीन बसवून आणलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, सुरुवातीला सगळं अंगावर येईल. पंखा, भांडी, पेपरची पानं. रोजचे आवाज मेंदू गाळून टाकतो, कानापर्यंत आले तरी आपल्याला ऐकू येत नाहीत. मशीन लावल्यावर ती गाळणी पहिल्यापासून बसवावी लागते."

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी पेपर वाचत होतो. कपाटातल्या कपबशा किणकिणल्या. थोड्या वेळानं पुन्हा. खिडकीची काचही खर्र वाजली.

"कपाट कोण हलवतंय?" मी ओरडलो.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण हलवणार? तोफा आहेत."

"कुठल्या तोफा?"

ती हात पुसत बाहेर आली. मी चेष्टा करतोय का ते तिनं आधी बघितलं. "अहो, रेंजवर फायरिंग चालू आहे. नेहमीचं."

"रोज असतं?"

"रोज नाही. अधूनमधून. बहुतेक सकाळचंच." मग ती म्हणाली, "मी लग्न होऊन संगमनेरहून आले तेव्हा दचकून हातातलं दूध सांडलं होतं. तुम्ही मला हसला होतात. 'कसला आवाज? मला तर काही ऐकू आलं नाही' म्हणालात. मला वाटलं, माणूस खोटं बोलतोय."

रोज नाही, अधूनमधून, बहुतेक सकाळी.

मी टीव्हीशेजारच्या पाटीकडे बघितलं आणि पेपर खाली ठेवला. ती खोली आमच्या घरापेक्षा फार लांब नव्हती. तिलाही काचेच्या खिडक्या होत्या. मी त्या खोलीत डोळे मिटून उभा राहिलो होतो, ते कॅम्पातल्या माणसाचे कान घेऊन. वाघबाई जवळच्याच, त्यांना तरी काय वेगळं ऐकू येणार?

पण मी लगेच विश्वास ठेवला नाही. इतकं नीट बसणारं उत्तर मला नेहमीच खटकतं. एकदा नीट बसणाऱ्या उत्तरानंच घात केला होता. म्हणून मी डबी पाटीवरून सोडवली, बॅटरीला जोडली, आणि माळ्यावरचा जुना रिसीव्हर काढून तिच्या वारंवारतेवर लावला. अशा जोडणीत डबीचा सूर शिट्टीसारखा ऐकू येतो आणि डबी थरथरली की शिट्टी कापते. झाकणावर नखानं टिचकी मारली, शिट्टी डळमळली. पातळ झाकण आणि आतला स्फटिक, दोघंही हादरा पकडत होते. आता प्रश्न तोफांचा.

बायकोला व्हरांड्यात बसवलं. एका हाताला शेंगदाण्यांची वाटी, दुसऱ्या हाताला रिकामी ताटली. तोफ ऐकू आली की एक दाणा ताटलीत टाकायचा. मी आतल्या खोलीत दार लावून, कानातली मशीनं काढून, रिसीव्हरचे हेडफोन चढवून बसलो. शिट्टी कापली की कागदावर रेघ मारायची. अशा किती सकाळी गेल्या, मोजल्या नाहीत. ज्या दिवशी रेंज गप्प, त्या दिवशी शिट्टी अखंड, एकसारखी. ज्या दिवशी फायरिंग, त्या दिवशी माझ्या रेघा आणि तिचे दाणे जुळायचे. एकदा एक दाणा कमी भरला. "तो मीच खाल्ला," असं तिनं कबूल केलं.

मी सीबीएस स्टँडवरून देवळ्याची बस धरली. डबी पिशवीत होती.

बाजार समितीच्या रस्त्याला कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेपलीकडे गांगुर्डेचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. डोक्यावरचे केस गेलेले, चष्मा आलेला. मला बघून तो उठला नाही.

"साहेब? कोणी वारलं का?"

"नाही."

"मग तुम्हाला काही झालंय का? डॉक्टरनं काही सांगितलं का? नाय, असं अचानक जुनी माणसं हिंडायला लागली की मला शंका येते."

मी त्याला सगळं सांगितलं. तो तांब्याची तार गुंडाळत ऐकत होता. हात थांबला नाही.

"म्हणजे तोफा," तो म्हणाला.

"हो."

"मी पहिल्यांदा विहितगावला खोली घेतली तेव्हा लय दचकायचो. घरमालकीण म्हणायची, आठ दिवसांत सवय होईल. झाली." त्यानं तार तोडली. "माझी सवय तरी वरून लागलेली होती. तुम्ही तर घेऊनच जन्मलात."

मला एक गोष्ट विचारायचीच होती. इतकं सगळं कळल्यावरही ती आत टोचत होती. "करंदीकरबरोबर तुला मी द्वारकेवर बघितलं होतं."

आता त्याचा हात थांबला. "त्यानं माझ्या धाकट्या भावाला कामाला लावलं होतं. त्याचा चहा पाजला मी. साहेब, तुम्ही ठिपका दिला, मालकांना बोलावलं, झाकण उघडलं. एवढा खटाटोप केला. त्यापेक्षा मला विचारायचं होतं ना, 'दत्तू, कोणाबरोबर चहा पीत होतास?' मी सांगितलं असतं. मी तर न विचारताच सगळं सांगायचो. तुम्हीच गप्प बस म्हणायचात."

बाहेर एका ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न लावून धरला होता. मी पिशवीतून डबी काढून त्याच्यासमोर ठेवली. म्हटलं, ही तुझ्याकडे असू दे.

त्यानं स्क्रू काढून झाकण उलटं केलं. ठिपका होता.

"रंग टिकलाय. वहिनींचं नेलपेंट भारी होतं."

"दत्तू, मी काय करू सांग."

"माझं आता काय करणार? पोरं शिकली, दुकान चालतंय." त्यानं चष्मा काढून पुसला. "तो ठिपक्याचा किस्सा तुम्ही अजून सांगता म्हणे. वाघबाईंचा भाचा इकडे पंप घ्यायला आला होता, त्यानं मलाच सांगितला. माझ्याच दुकानात. 'तुमच्या गावचा एक गांगुर्डे होता,' म्हणून. मी हसलो, काय करणार? जुन्या लोकांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप हाय, त्यात मला कोणी घेत नाय. तर साहेब, जिथं जिथं तो किस्सा सांगितला, तिथं तिथं आता हा सांगा."

"सगळीकडे कसं जमेल? काही माणसं गेलीसुद्धा."

"मग लिहा. चिठ्ठीवरचे शेरे तर केवढे लांब लिहायचात."

त्यानं झाकण पुन्हा लावलं, स्क्रू घट्ट पिळले. बोटांनी डबीवर दोनदा टकटक केलं, भजनातल्यासारखं, आणि ती माझ्याकडे सरकवली.

"ही घेऊन जा. मी नाय ठेवत. त्या सकाळी ही नापास होती, आणि मी नापासच लिहिलं होतं. माझा शेरा अजून तोच हाय."

परतीच्या बसमध्ये डबी मांडीवर होती. मी कानातली मशीनं चालूच ठेवली होती. त्यामुळे बसचा खडखडाट असह्य होत होता.

सातपूरच्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी जे हे वाचतील, त्यांनी ठिपक्याचा किस्सा यापुढं सांगायचा झाला तर पूर्ण सांगावा, तोफांसकट. खोली मी निवडली होती. मशीनला सकाळी काहीतरी होत होतं, आणि तसं म्हणणारा एकटा गांगुर्डे होता. त्या चिठ्ठीवर माझी सही राहून गेली होती, ती इथं करतो.

डबी नापास. तपासणारे, दत्तू गांगुर्डे. मंजूर, भालेराव.